बोगद्याच्या दोन तोंडांशी दोन साडू

...आणि वर हसतो हो! म्हणजे एखाद्यानं दुसऱ्याची जागा घ्यावी, घ्यावी बापडी, पण घेऊन झाल्यावर चार दिवस तरी जरा तोंड पाडून बसावं की नाही? रीत म्हणून? नाही! हा हसणार. सगळेच्या सगळे दात दाखवून हसणार, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणणार, "काय साडूभाऊ, चहा घेऊ या ना?" घेऊ या ना! जसा काही चहा यानंच शोधून काढलाय! तुम्हाला सांगतो, मी जळतो असं समजू नका. माझा स्वभावच नाही तो. मी आपलं घडलं ते सांगतोय.

आता साडू हे नातंच बघा ना. मित्र आपण निवडतो. बायको आपण बघून पसंत करतो, निदान तसा आपला समज असतो. साडू? न मागता मिळतो! बायकोच्या थोरल्या बहिणीनं एक माणूस पसंत केला आणि जन्मठेप मला! तो थोरला जावई, मी धाकटा. सासऱ्यांच्या बैठकीत पंख्याखालची आरामखुर्ची त्याची, माझं ते दारामागचं स्टूल... कुणी आलं की दार माझ्या गुडघ्यावर. आणि सासूबाईंचं एकच, "थोरल्यांना विचारा हो, ते सांगतील!" काय विचारायचं? काहीही! गिझर तापत नाही, थोरल्यांना विचारा. नळ गळतोय, थोरल्यांना विचारा. अहो, त्या घरातलं वायफाय मी बसवलंय, पासवर्ड मी ठेवलाय, आणि पाहुणे आले की माझ्यादेखत, माझ्या डोक्यावरून वाकून, थोरल्यांना विचारतात, "पासवर्ड काय हो?" आणि त्याला तो येतो! तोंडपाठ! मला बघून सांगावा लागतो!

बरं, हा माणूस डॉक्टर असता, वकील असता, तरी मी सोसलं असतं. आपली वाट वेगळी, त्याची वेगळी. पण नाही. हाही नेटवर्कवाला! आणि कुठं नोकरीला? आमच्याच कंपनीत! कुणी लावलं? ...विचारा ना. विचाराच. मी! बायको म्हणाली, "अहो, भावजींची कंपनी बंद पडतेय, ताई रडत होती, तुमच्या मॅडमच्या कानावर घाला ना." घातलं कानावर. मीच. स्वतः त्याचा बायोडेटा छापून, टाचणी लावून, मॅडमच्या टेबलावर ठेवला. माणूस आपल्या पायावर धोंडा मारून घेतो, मी तर तो छापून, टाचून, सहीसाठी ठेवला.

आमची कंपनी खुर्च्या बनवते. ऑफिसच्या, दवाखान्याच्या, सगळ्या प्रकारच्या. मुख्य ऑफिसात ड्रॉइंग निघतात, तिथं मी. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गोदामाचं ऑफिस, तिथं साडू. आणि ह्या दोन ऑफिसांच्या मध्ये टनेल. बोगदाच म्हणा ना. म्हणजे सगळ्या जगाच्या इंटरनेटमधून आमच्यापुरती एक झाकलेली वाट, ज्यातून आमच्या फाइली कुलूप लावून जातात. त्या बोगद्याच्या एका तोंडाशी मी आणि दुसऱ्या तोंडाशी... बरोबर. मी डोकावलं की तिकडून तो डोकावतो. हसत!

आणि रोज सकाळी, अजून माझी बॅग खांद्यावरून उतरलेली नसते, तोवर ह्याचा मेसेज. कुठं? कंपनीच्या ग्रुपवर. सगळ्यांसमोर. "साडूभाऊ, तुमची लाइन पहाटे जरा डुलकी घेत होती, आता बरी आहे ना?" बरी आहे ना! जशी काही माझी लाइन म्हणजे आजारी मावशी! ह्याला कसं कळतं? तर ह्याचा राउटर माझ्या राउटरला सारखा पिंग करत असतो. पिंग म्हणजे काय, एक छोटासा निरोप, "जिवंत आहात का?" की आपण म्हणायचं, "आहे." परत, "जिवंत आहात का?" "आहे." दिवसभर! अहो, सख्खी आई एवढी चौकशी करत नाही!

मी काय केलं... साधी गोष्ट केली. आमच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे तो दारावरचा पहारेकरी असतो ना, त्याच्यात एक नियम टाकला. तिकडच्या बाजूनं येणारे असले चौकशीचे निरोप, त्या जातीचे सगळेच्या सगळे, बंद. दारातूनच परत. सुरक्षेसाठी हो! मॅडमनी विचारलं असतं तर मी हेच सांगणार होतो, सुरक्षेसाठी. त्या दिवसापासून ग्रुपवर शांतता. इतकी झकास शांतता की मला दुपारी जेवण गोड लागायला लागलं.

मग मॅडमनी बॉम्ब टाकला. नवा कारखाना सुरू होतोय, गोदामाच्या ऑफिसपासून पुढे. आमची ड्रॉइंग आता थेट तिथल्या मशीनवर जाणार. म्हणजे माझ्या ऑफिसातून टनेल साडूच्या ऑफिसात, आणि तिथून दुसरं टनेल कारखान्यात. आणि मॅडम म्हणाल्या, "दोन्ही ऑफिसं, कारखाना, सगळ्याचं नेटवर्क एकाच माणसाच्या हाताखाली हवं. मला एक प्रमुख हवाय. सोमवारी इथून पहिलं ड्रॉइंग जाईल ते मी समोर बसून बघणार, आणि मग ठरवणार." आणि माझ्याकडे बघितलं. मग स्पीकरवर साडू होता, त्या फोनकडे बघितलं. फोनकडे जरा जास्तच वेळ बघितलं असं मला वाटलं. आता कंपनी हजारो खुर्च्या बनवते, आणि आम्ही दोघं साडू एकीवर डोळा ठेवून! पण मी जळत नव्हतो. हक्काची होती हो ती माझी! मी ह्या कंपनीत आलो तेव्हा नेटवर्क म्हणजे एक वायर होती आणि तिला पाय अडखळून अकाउंटंट पडायचे.

आणि मला खात्री होती, कारण ह्यात एक गोष्ट आहे, ती फक्त मला येते. आकडा काढणं! तुम्हाला सांगतो, नेटवर्कवरून फाइल अख्खी जात नाही. तिचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा पाकिटात घालून पाठवायचा. पाकिटाचं जास्तीत जास्त माप ठरलेलं, पंधराशे बाइट. पण टनेलमधून जायचं तर ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालायचं, त्याला कुलूप, वर नवा पत्ता. आणि बाहेरचं पाकीट पंधराशेच्या वर गेलेलं चालत नाही. म्हणजे आतलं लहान करायचं. किती लहान? हां! इथं माणसाची पारख होते! फार लहान केलं तर उगाच पाकिटंच पाकिटं, सगळी वाट पत्त्यांनीच भरायची. मोठं ठेवलं तर अडकलं. नेमकं हवं, नेमकं! पंधराशेतून लाइनवाल्या कंपनीचे आठ गेले, बाहेरच्या पत्त्याचे चाळीस, त्यावरच्या चिठ्ठीचे आठ, कुलपाचे बत्तीस... राहिले किती? चौदाशे बारा! काय सुंदर आकडा आहे हो! एक बाइट इकडे नाही, एक तिकडे नाही. मी फळ्यावर लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि लांब उभं राहून बघितला.

तेवढ्यात फोन. साडू. "साडूभाऊ, आकडा टाकताय ना? माझ्या पुढच्या टनेलचा सांगू का? म्हणजे दोन्ही जुळवून..." 

मी म्हणालो, "गरज नाही. मी काढलाय."

"नाही, म्हणजे पुढे कारखान्याची लाइन जरा वेगळी आहे, ती बिनतारी—"

"मी काढलाय म्हटलं ना!"

"हं... बरं, बरं. तुम्ही काढलाय म्हणजे प्रश्नच नाही!" आणि हसला. फोनवर दिसत नाही, पण ऐकू येतं.

घरी गेलो, बायकोला आकडा सांगितला. माणूस आनंद कुणाला सांगणार? पाकीट, कुलूप, पत्ता, सगळं हातवारे करून समजावलं. तिनं शांतपणे घड्या घालता घालता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण भावजींकडून पुढे जायचंय ना ते? मग त्यांच्याकडचं माप विचारलंत का?"

"काय गरज?"

"नाही, आपलं कपाट आठवलं." 

बघा! बायका कुठलं कुठं नेऊन जोडतात! मागे आम्ही कपाट घेतलं होतं. मी दार मोजलं होतं, अगदी बिजागरी धरून मोजलं होतं. आता जिन्याच्या वळणावर ते अडकलं ह्यात माझा काय दोष? दारातून ते गेलंच असतं की! दारापर्यंत आलं असतं तर! शेवटी थोरल्यांना बोलावलं. त्यांनी येऊन कपाटाचे पाय काढले आणि कपाट वर. आणि सासूबाई वर्षभर त्या पायांचं कौतुक करत होत्या.

सोमवार उजाडला. मीटिंगच्या खोलीत मोठा पडदा, मॅडम मध्ये बसलेल्या, ड्रॉइंगवाली मुलगी लॅपटॉप घेऊन, आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून, इतक्या कडक इस्त्रीचा की बसताना आवाज यायचा. फोनवर कारखान्याचा फोरमन. त्याचा आवाज असा की फोनची गरजच नव्हती. मॅडम म्हणाल्या, "पाठवा." ड्रॉइंगवालीनं पाठवलं.

"दिसतंय का?" मॅडम.

"दिसतंय! नाव दिसतंय! 'आरामखुर्ची, मोठी, फिरती!'" फोरमन ओरडला. मी मॅडमकडे असं बघितलं की, बघा. 

"उघडा मग."

"उघडतोय... उघडतोय... अहो, नाव आलंय, पण फाइल नाही आली!"

"थोडं थांबा," मी म्हणालो. थांबलो. पडद्यावर ती हिरवी पट्टी, शून्यावर. आपण लिफ्टची वाट बघताना दिव्याकडे बघतो ना, तसे सगळे त्या पट्टीकडे बघतोय. हलेना! 

फोरमन म्हणतो, "अहो, काय चाललंय? पत्रिका आली, पण नवरदेवाचा पत्ता नाही!"

परत पाठवलं. नाव पुन्हा टुणकन हजर, फाइल नाही. ड्रॉइंगवालीनं गंमत म्हणून एक चार ओळींची चिठ्ठी पाठवली, ती गेली लगेच. म्हणजे लहान गोष्टी जातात आणि मोठी अडकते. आणि खरं सांगू का तुम्हाला? मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू! माझ्या बाजूनं सगळं नेमकं होतं, चौदाशे बारा, मग अडकतंय कुठं? पुढच्या तोंडाशी! मी गंभीर चेहरा करून, आवाज जड करून म्हणालो, "मॅडम, इकडून जातंय. तिकडं काहीतरी गोंधळ आहे. मला कुणाला दोष द्यायचा नाही..." आणि पुढं अर्धा तास दोष दिला. बिनतारी लाइनीवर बोललो, निष्काळजीपणावर बोललो, 'होऊन जाईल' म्हणणाऱ्या वृत्तीवर तर फारच छान बोललो. साडू फोनवरून फक्त, "हं... हं... असेल, असेल. मी तिकडं येऊन जातो ना." ये म्हटलं! ये आणि सगळ्यांसमोर तोंडघशी पड!

आला. हसत आला. गेटवरच्या वॉचमनला हसला, ड्रॉइंगवालीला हसला, वाटेत कुंडीतल्या झाडाला हसला असेल. आणि थेट माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीवर, मीच सरकवून दिली, काय करणार, थोरला! माझ्या मागे मॅडम उभ्या. तो म्हणाला, "जरा फायरवॉल बघू का?" मी ऐटीत म्हणालो, "बघा की! लपवायचंय काय?"

...आणि बोलून झाल्यावर मला आठवलं.

तुम्हाला सांगतो, फायरवॉलमध्ये नियम टाकला ना, की त्याला नाव द्यावं लागतं. नाव नाही दिलं तर ते यंत्र पुढं सरकत नाही. आणि त्या दिवशी मी जरा रागात होतो. आणि मला काय माहीत, कधी हा माणूस माझ्या खुर्चीवर बसून ते वाचेल! पडद्यावर यादी उघडली. पहिला नियम, 'ऑफिस'. दुसरा, 'प्रिंटर'. तिसरा... ठळक अक्षरांत... 'भावजी बंद'.

प्रत्येक नियमासमोर आकडा असतो, आतापर्यंत किती निरोप दारातून परत पाठवले. तो धावत होता! आमच्यादेखत धावत होता! आणि साडूनं त्यातला एक निरोप उघडला. पिंग नव्हता तो. त्याच जातीचा, पण दुसरा. पाकीट मोठं झालं की वाटेतला राउटर ते टाकून देतो आणि मागे निरोप पाठवतो, 'हे माझ्याकडून पुढं जात नाही, अमुक मापाचं पाठवा.' अगदी सभ्यपणे, माप सांगून! साडूचा राउटर सकाळपासून, प्रत्येक पाकिटामागे, माझ्या राउटरला विनवत होता, 'मोठं आहे, तेराशे ऐंशीचं पाठवा... मोठं आहे, तेराशे ऐंशीचं पाठवा...' आणि माझा पहारेकरी प्रत्येक निरोपाची मानगूट धरून बाहेर काढत होता. ज्या आकड्यासाठी मी फळाभर हिशेब मांडला तो आकडा माझ्या दाराशी येऊन धक्के खात होता!

आणि मी फक्त माझं दार मोजलं होतं. जिन्याचं वळण त्याच्याकडे होतं. चौदाशे बारा आणि तेराशे ऐंशी, फरक किती? बत्तीस बाइट. बरोबर ह्याला दात आहेत तेवढे!

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मॅडम चष्मा काढून, पुसून, परत घालत होत्या. आता एवढंच उरलं होतं, त्या वाकल्या, वाचलं, 'भावजी बंद', की कारभार संपला! इतकी वर्षं, ती वायर, ते पडलेले अकाउंटंट, सगळं पाण्यात! मी मनात म्हटलं, आता हा मागे वळेल, हसेल, आणि म्हणेल, "मॅडम, हे बघा जरा." मी त्याच्या जागी असतो तर... मी म्हटलं असतं हो. दोनदा म्हटलं असतं.

आणि ह्यानं काय करावं? पडद्यासमोर आपली एवढी मोठी पाठ आणली. चहाचा कप घ्यायला वाकल्यासारखी. एक बटण दाबलं, नियम बंद. आणि नाव खोडून त्या जागी लिहिलं, 'जुना नियम'. मग सरकून बसला.

पट्टी हलली. मीटिंगच्या खोलीतल्या फोनवरून फोरमन बोंबलला, "आली! आली! पायांसकट आली!"

"काय झालं होतं?" मॅडम.

"काही नाही मॅडम," हा म्हणतो, "एक निरोप अडकून पडला होता. साडूभाऊंनाच आधी शंका आली होती. आम्ही दोघांनी मिळून काढलं."

दोघांनी मिळून! अहो, ह्यानं माझी चुगली केली असती ना, तर मी ह्याला आयुष्यभर सुखानं शिव्या दिल्या असत्या! हक्कानं! बायकोला सांगितलं असतं, सासूबाईंना सांगितलं असतं, बघा तुमचा थोरला कसा आहे तो! पण ह्यानं मला वाचवलं! आता मी काय करू? कुणाला शिव्या घालू? तोही आनंद ह्यानं ठेवला नाही मला!

मॅडमनी त्याच संध्याकाळी ठरवलं. मला बोलावून म्हणाल्या, "तुमचं काम चोखच आहे, पण हा माणूस सगळ्यांना सांभाळून घेतो. प्रमुख असाच हवा." मी म्हणालो, "हो मॅडम." मी काय म्हणणार? की नका देऊ, तो फार चांगला आहे? घरात थोरला होताच, आता ऑफिसातही थोरला झाला.

पण खरी गंमत पुढेच आहे. घरी आलो तर बायको दारात! हसत! चहा तयार! मी म्हटलं, काय झालं? तर म्हणते, "ताईचा फोन आला होता. भावजी म्हणाले, आज तुमच्यामुळेच निभावलं. आकड्यांतलं तुमच्याएवढं त्यांनासुद्धा कळत नाही म्हणे!" आणि माझ्याकडे अशी बघत होती, अशी... लग्नानंतर पहिल्यांदा. मी कप हातात घेऊन उभा. इतक्या वर्षांत एकदाच तिनं माझं कौतुक केलं, आणि तेही थोरल्यांकडून आलेलं! मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, ह्या वेळी तुम्ही जिन्याचं वळणसुद्धा मोजलं असणार." मग मी चहा प्यायलो.

आता रोज सकाळी, बॅग उतरायच्या आत, तिकडून निरोप येतो, "जिवंत आहात का?" आणि पहारेकरी त्याला आत सोडतो, प्रमुखांचा निरोप आहे ना! फळ्यावरचा चौदाशे बारा मी स्वतःच्या हातानं पुसला आणि टनेलला साडूचा आकडा लावला. मी कारखान्याची लाइन गुपचूप मोजून बघितली, तेराशे शहाण्णवसुद्धा चाललं असतं. ह्यानं सोळा बाइट उगाच सैल ठेवलेत, कपड्याला शिंपी ठेवतो तसे. पण सांगणार कुणाला? थोरल्यांना विचारा!

तेव्हा तुम्हाला सांगतो, मी जळतो असं समजू...

जळतो हो. जळतो. पण आता तेराशे ऐंशीच्या आत.